वर दोर कुणाच्या हातात?

आबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत, आणि आज वही घेऊन बसलोय त्याला कारण काय, तर एक रबराची चकती. रुपयाएवढी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. ती कुठं असते हे सांगायला तुम्हाला सगळंच पहिल्यापासून सांगावं लागेल, कारण तुम्ही आयुष्यभर पाण्याखाली गेलात ते छातीत भरून घेतलेल्या दमावर. लोकांच्या विहिरीत पडलेल्या पाण्याच्या मोटारी, घागरी, कधी शेळी, कधी माणूस, सगळं तुम्ही त्या एका दमावर वर आणलंत. वरचा माणूस अर्धी बिडी ओढेपर्यंत तुम्ही खाली राहायचात. मी मात्र आता पाठीवर हवेची टाकी बांधून उतरतो. टाकीला नळी, नळीला तोंडात धरायचं एक यंत्र, त्यातून श्वास घ्यायचा. तुम्ही बघितलं असतंत तर आधी पोट धरून हसला असतात आणि मग म्हणाला असतात, "आन् ते बंद पडलं तर रं?"

तोच प्रश्न आहे आबा. बाकी काही नाही.

हा संच मी विकत घेतला नाही, माझी तेवढी ऐपत कुठली. सेलूच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा गोदावरीच्या बंधाऱ्यात बुडाला. मी तेव्हा तुमच्यासारखाच दमावर उतरत होतो. पाणी खोल, खाली गाळ, हात घातला की काळोख. तिसऱ्या दिवशी मुलगा आपोआप वर आला. महिन्याभरानं तो माणूस गाडीत घालून हा संच घेऊन आला, कोकणातून जुना विकत आणलेला, आणि माझ्या ओसरीवर ठेवून म्हणाला, "कुणालाबी तीन दिवस काठावर बसायची येळ येऊ नये." चहासुद्धा न घेता गेला. विकणाऱ्याचा एक माणूस पाठोपाठ आला, चार दिवस आपल्याच विहिरीत त्यानं मला शिकवलं. जाताना म्हणाला, दरवर्षी सर्विसिंग करून घ्या. हवा भरायची सोय मी शेजारच्या जिल्ह्यातल्या आगीच्या बंबवाल्यांकडे लावली, कारण तेही धुरात शिरताना अशीच टाकी बांधतात. सर्विसिंगचं मात्र राहून गेलं. मोटारसायकल सहा महिन्यांनी नेमानं धुऊन, ऑइल बदलून आणणारा मी, ज्यातून श्वास घ्यायचा ते यंत्र पाच वर्षं उघडलं नाही. चालतंय ना, मग चालू द्या.

अगदीच काही केलं नाही असं नाही. दरवर्षी खंडेनवमीला त्याची पूजा केली. तुम्ही नाही का तुमचा तो चार नखांचा गळ आणि दोराचं वेटोळं पाटावर मांडायचात? गळाला करडईच्या तेलाचा हात फिरवायचात, हळद-कुंकू वाहायचात, आणि मग तेच तेल अंगाला चोळून कानात दोन थेंब घालून वर्षभर विहिरीत उतरायचात. ज्याच्या जिवावर पोट चालतं त्याला तेल-कुंकू द्यायचं, ही तुमची शिकवण मी पाळली. पाटावर तुमचा गळ, शेजारी टाकी, नळी आणि ते तोंडाचं यंत्र. सगळ्यांना सारखं तेल, सारखं कुंकू. कुणाला डावं-उजवं नको.

गेल्या भादव्यात पाथरीकडच्या एका गावातून फोन आला. तिशीतला माणूस नदीतल्या मोटारीचा कचरा काढायला उतरला आणि वर आलाच नाही. मी पोचलो तेव्हा त्याची आई काठावर बसलेली होती, पुढ्यात त्याच्या चपला. मी उतरलो. दोन पुरुष खोल गेलो असेन, तोंडात पाणी आलं. श्वास घेतला की हवेबरोबर घोटभर पाणी, आणि त्या पाण्याला तेलाची खवट चव. यंत्रातलं पाणी फुंकून काढलं, पुन्हा श्वास घेतला, पुन्हा पाणी. घशात ठसका आला आणि खाली ठसका म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. वर आलो. पुन्हा उतरलो, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा कडेला उभा राहिलो आणि आबा, पाय उचलेनात. यंत्र काढून तुमच्यासारखा दमावर जाऊ शकलो असतो. नाही गेलो. मला भीती वाटली. त्या बाईनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे लेकरा. तू बी कुणाचा तरी हायस." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो माणूसही तिसऱ्याच दिवशी आपोआप वर आला. सेलूच्या त्या व्यापाऱ्याच्या दुकानावरून जायचं मी तेव्हापासून टाळतो.

मग सुरू झाली दुरुस्ती करणाऱ्याची शोधाशोध. कोकणातल्या विकणाऱ्याचा नंबर बंद. पुण्यातल्या दुकानानं सांगितलं, कुरिअर करा, दोन महिने लागतील, पार्ट मिळाले तर. वेल्डिंगच्या गॅसवाल्यानं यंत्र हातात घेऊन खालीवर केलं आणि म्हणाला, "यात काय हाय? कार्बोरेटरवानीच तर हाय. तासाभरात देतो." मी त्याच्या हातातून ते काढून घेतलं. पाथरीत फवारणीचे पंप दुरुस्त करणारा एक म्हातारा मिस्त्री आहे, त्याच्याकडे गेलो. त्यानं चष्मा लावून बराच वेळ बघितलं, स्क्रूला हातसुद्धा लावला नाही. म्हणाला, "मालक, मला न्हाई जमायचं. माझं चुकलं तर फवारा बंद पडतो, गिऱ्हाईक येऊन भांडतं. ह्यात चुकलं तर भांडायला कोन येनार?" एवढ्या हिंडण्यात खरं बोललेला तो पहिला माणूस. त्याच्याच ओळखीच्या एका ट्रकवाल्यानं मालवणकडच्या एका कारागिराचा नंबर दिला. नौदलातून निवृत्त झालेला. फोनवर एवढंच म्हणाला, पाठवू नका, स्वतः घेऊन या.

यंत्र तुमच्या जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलं आणि एसटीनं निघालो. तीन गाड्या बदलल्या, मांडीवरून पिशवी खाली ठेवली नाही. पन्नाशीला आलेला माणूस मी, जन्म पाण्यात गेला, आणि समुद्र पहिल्यांदा बघितला तो दुरुस्तीच्या कामासाठी. तुम्हाला मोठ्यानं सांगावंसं वाटलं, पण शेजारच्या सीटवर एक बाई झोपलेल्या होत्या. बायकोला फोन करून सांगितलं, तर म्हणाली, "बरं. जेवलात का?" ती मुलीच्या शिक्षणासाठी परभणीत खोली करून राहते. लग्नानंतर एकदाच तिनं माझा दोर धरला होता. वर आलो तर तिचे तळहात सोललेले. "पुन्हा मला बोलवू नका, माझ्यानं हे बघवत न्हाई," म्हणाली. तिचं बरोबर आहे.

कारागिरानं टेबलावर पांढरं फडकं अंथरलं आणि यंत्र उघडलं. मग चिमट्यानं ती पातळ चकती उचलून उजेडात धरली. श्वास बाहेर जातो तिथली ती चकती, आपण श्वास आत घेताना घट्ट बसून पाणी अडवते. तिच्या कडेला लाल, चिकट, दाणेदार काहीतरी जमलेलं. "हे काय आहे?" त्यानं बोटावर घेऊन चोळलं, वास घेतला. "हे कुंकू आहे का हो?" काय सांगू आबा, वाळूरच्या विहिरीवर तुम्ही मारलं होतंत तेव्हासुद्धा मी इतकी मान खाली घातली नव्हती. पाच वर्षांचं कुंकू तेलात मिसळून चकतीखाली बसलेलं, रबर फुगलेलं. पूजेनंच मी बुडायला आलो होतो. मी सगळं सांगितलं. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. म्हणाला, "पूजा करा. पण यंत्र ठेवायच्या पेटीची करा. पेटी बंद ठेवून करा. आणि दाबाच्या हवेजवळ तेल नेऊ नका, भडका उडतो." मग दोन दिवस त्यानं मला शेजारी बसवून प्रत्येक पार्ट बदलला, टाकी तपासून आणली, पाण्याच्या पिंपात बुडबुडे बघितले. शेवटी यंत्र आधी स्वतःच्या तोंडात धरून, तोंड पिंपात बुडवून बराच वेळ श्वास घेतला, आणि मगच माझ्या हातात दिलं. माझ्या श्वासाची एवढी काळजी तुमच्यानंतर कुणी घेतलेली मला आठवत नाही. मी तोंड धुवायच्या निमित्तानं बाहेर गेलो.

निघताना त्यानं विचारलं, "तुमचा जोडीदार कोण?" त्यांच्याकडे दोघं मिळून उतरतात म्हणे, एकमेकांचं सामान तपासतात. मी म्हणालो, जोडीदार नाही. "मग वर दोर कुणाच्या हातात असतो?"

इथं मला वाळूर आठवलं. मी दहा वर्षांचा, तुम्ही विहिरीत, दोर माझ्या हातात. एक हिसका म्हणजे ढील दे, दोन म्हणजे ओढ. समोरच्या बांधावर बोरं पिकलेली. मी दोर बाभळीच्या बुंध्याला दोनदा गुंडाळला आणि बोरं वेचायला गेलो. परत आलो तर तुम्ही कपारीला धरून स्वतःच वर येत होतात, कोपर फाटलेलं. वर आलात, श्वास घेतलात आणि एक मुस्कटात दिलीत. "झाडाला काय कळतं रं? मी हिसका कुनाला द्यायलोय खाली?" मग रस्ताभर बोलला नाहीत, आणि घराजवळ आल्यावर माझ्या खिशातलं एक बोर काढून खाल्लंत.

कारागीर माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "वर खात्रीचा माणूस नसेल तर पुढच्या वर्षी माझ्याकडे येऊ नका. मी असं काम करत नाही." गावातली पोरं धरतात दोर, पण एका हातात दोर आणि दुसऱ्या हातात मोबाइल. दोनदा तर व्हिडिओ नीट यावा म्हणून मलाच ओढलं. हे त्याला सांगितलं असतं, तर असा माणूस मला पुन्हा कुठं मिळाला असता? मी म्हणालो, "वडील असतात वर." तो एकदम सैल झाला. "मग झालं तर. ह्या वयात धरतात? कमाल आहे." आणि आत जाऊन तुमच्यासाठी कोकमाची एक पिशवी घेऊन आला. उन्हातून आल्यावर सरबत करून द्या म्हणाला.

ती पिशवी अजून फडताळात आहे. दसऱ्यानंतर त्याचा फोन आला, कुंकू लावलं नाही ना, म्हणून. पेटी बंद ठेवली होती, ते खरं सांगितलं. मग त्यानं विचारलं, वडील कसे आहेत? बरे आहेत, म्हणालो. पुढच्या वर्षी त्यांनाही घेऊन या, समुद्र दाखवू, म्हणाला. हो म्हणालो.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? पेटीत ठेवीन, यंत्राखाली. यंत्र आता चांगलं चालतं, घोटभरही पाणी येत नाही. परवा ताडकळसला एका विहिरीत मोटार काढायला उतरलो होतो. दोर बाभळीला बांधला. चांगल्या दोन गाठी मारल्या. आणि तळाला टेकल्यावर दोन हिसके दिले, आबा. दर वेळी देतो. देऊन थोडा वेळ थांबतो, आणि मग कामाला लागतो.