अस्वलानं लपवलं का त्याचं तोंड?

प्रिय माय,

आज मी तुझी परवानगी न घेता तुझा चेहरा चारचौघांसमोर मांडला. म्हणून हे पत्र.

डेंटल कॉलेजच्या इंटर्न मुलामुलींना पुढे कुठली शाखा घ्यायची हे ठरवायचं असतं. सरांनी मला सांगितलं, तोंड आणि जबड्याच्या सर्जरीबद्दल तू बोल, तुझं शेवटचं वर्ष आहे. मी खरं तेच सांगितलं. पहिलं वर्षभर दुसऱ्याच्या ऑपरेशनमध्ये गाल बाजूला धरून उभं राहायचं. मोटरसायकलवरून पडलेले, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन तोंड उघडत नाही असे तरणे लोक, सगळे आपल्याकडेच येतात. आणि एवढं शिकूनही गावात विचारतात, दात उपटते ना तू?

कोरपन्याची एक मुलगी उठली. "मॅडम, मुलीले झेपते का हे?"

मग मी तुझं सांगितलं.

तुला आठवतं, मी नववीत होते? मोहफुलं वेचायला तू उजाडता उजाडता गेलीस आणि झाडाखाली अस्वल आधीच आलेलं होतं. तुझा ओरडा ऐकून बाबा आणि शेजारचे लोक काठ्या घेऊन धावले. तू टोपल्यानं त्याच्या थोबाडावर मारत होतीस म्हणे. बाबांनी लोंबणारा जबडा आपल्या दुपट्ट्यानं बांधला. कुरखेड्याहून जीप केली, गडचिरोलीला टाके पडले आणि तिथून नागपूरला पाठवलं. तोवर तू शुद्धीवर होतीस. तुला किती दुखलं असेल, हे मी कधी विचारलं नाही आणि तूही सांगितलं नाहीस.

तिथल्या डेंटल कॉलेजच्या डॉक्टरांनी तुझा जबडा पट्ट्या आणि स्क्रू लावून जोडला. बोलता यायला लागल्यावर तुझं पहिलं वाक्य होतं, "दातवाला डॉक्टर एवढं करते?" त्या दिवशी मी ठरवलं, आपणही हेच व्हायचं.

तुझा डावा डोळा खाली ओढलेला राहिला, ओठ वाकडा झाला. तुझ्या भाच्याच्या लग्नात बाबांचे मोठे भाऊ, आपले मोठे बाबा, म्हणाले, "लेकरं भेतात बाई, पदर घे तोंडावर." तू म्हणालीस, "मी कायले तोंड लपवू? अस्वलानं लपवलं का त्याचं?" आणि उठून पहिल्या रांगेत जाऊन बसलीस. लेकरं भ्यायली नाहीत, माय. थोड्या वेळानं तीच तुझ्याभोवती जमली, अस्वलाची गोष्ट सांग म्हणून.

मी ही शाखा घेतली तेव्हाही मोठे बाबाच आडवे आले. "पोरीच्या जातीनं हाडं कापाचे का? दात सरळ कराचं शिक. संसार सांभाळून होते." तू चुलीपुढून बोललीस, "अजून नवरा नाई, तर संसार आला कुठून?"

इथे आल्यावर एक सीनियर म्हणाला, निखळलेला जबडा बसवायला जोर लागतो, तुझ्याच्यानं होणार नाही. मी शिकले. जोर मनगटाचा नसतो, अंगठा कुठे ठेवायचा याचा असतो. ज्या दिवशी पहिल्यांदा जमलं त्या दिवशी तुलाच फोन केला. तेव्हापासून तू रोज "जेवली का" विचारायच्या आधी "आज कोणाचा जबडा बसवला?" विचारायचीस.

पण छातीत दुखतं, हे कधी बोलली नाहीस. काऊन, माय? धानाचा रोवणा चालू असताना बांधीतच, चिखलात कोसळलीस, ती उठलीच नाहीस. बाबा म्हणाले, "तिनंच सांगू देल्लं नाई. पोरगी शिकणं सोडून येईल म्हणे." जन्मभर कोणासमोर काही झाकलं नाहीस आणि माझ्यापासून एवढं झाकलंस? याचा राग माझा अजून गेलेला नाही. जाऊ देणारही नाही.

तू गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात धानोऱ्याकडची एक बाई आली. तेंदूपत्ता तोडताना अस्वलानं धरलेली. जखमा शिवून झाल्या होत्या, पण जबडा मोडलेलाच होता. नळीनं पेज प्यायची. तिच्या जावेनं तिच्या तोंडावर पदर ओढून ठेवला होता. दीर म्हणाला, "जीव वाचला, पुष्कळ झालं. आता चेहऱ्याचं का कराचं तिले? आम्ही घरी नेऊन राह्यलो."

"तिले विचारलं का तुम्ही?" मी म्हटलं.

"तिले बोलता येते का?"

"ऐकू तर येते." मी तिच्याजवळ गेले. "बाई, भात चावून खाचा आहे, का जन्मभर पेज प्याची?"

ती दिराकडे पाहत राहिली. मग तिनं पदर स्वतःच्या हातानं मागे केला, खाटेवरून उतरली आणि स्कॅनला न्यायला आणलेल्या ट्रॉलीवर जाऊन बसली. ट्रॉली ढकलायला दीरच पुढे झाला.

सर समोर उभे होते, पण पट्ट्या मी बसवल्या. पुढे ती तपासणीला आली तेव्हा तिला आमच्या मेसमधला मऊ भात खायला दिला. सावकाश चावून म्हणाली, "मीठ कमी हाय."

कोरपन्याच्या मुलीला मी एवढंच सांगितलं: झेपत नाही म्हणणारे तुला घरात भेटतील, कॉलेजातही भेटतील. मोडक्या जबड्यानं आलेला माणूस मात्र हे विचारत नाही. वर्ग सुटल्यावर ती दारात थांबली होती. वॉर्ड दाखवता का, म्हणाली. तिला घेऊन फिरले.

आता नागपुरात एका मोठ्या क्लिनिकमध्ये ये म्हणतात. गडचिरोलीला या कामाची जागा नाही, सामान नाही, तिथे जाऊन काय करशील, असं सगळे समजावतात. मी ठरवलंय. तुला शब्द देते, शिक्षण संपलं की मी गडचिरोलीलाच येणार. जागा नसेल तर मागेन. दिली नाही तर पुन्हा मागेन. तोवर दात उपटीन, पण बसेन तिथेच.

तुझी,
वनिता