पत्र्याखालचा उन्हाळा

९ एप्रिल
कालपासून खाटा आत. पाटाच्या कडेला ठसे निघाले. वनखात्याचा माणूस म्हणाला, "बिबट्याच हाय. उसात मुक्काम हाय त्याचा. अंगनात झोपू नका." जन्मभराचं उघड्यावरचं झोपणं सुटलं. चौथीच्या पुस्तकातली चांदण्याची कविता मी अंगणात पडूनच पाठ केली होती. लग्नानंतर सौ.ला ऐकवली, तर पहिल्याच कडव्याला झोपली. आता वर पत्रा. पत्र्याला काय ऐकवणार.

१२ एप्रिल
घोडेगावची निलोफर आली. पुण्यात शिकते. रात्रीच्या उकाड्यानं म्हाताऱ्यांच्या काळजाचं काय होतं, यावर तिचं संशोधन. सौ.चं काळीज दिवाळीपासून अशक्त, म्हणून आमचं घर निवडलं. काडेपेटीएवढं यंत्र भिंतीला लावलं. गरमी, दमटपणा टिपतं.
सौ. तिला म्हणाली, "ह्यांच्या कवितांनी किती वाढतीय, ते बी बग."
पोरगी हसली. जाताना मात्र मला, "नाना, दिवसाच्या उन्हाला सगळे भितात. पण रात्री अंग निवलं नाही, तर काळजाला सुट्टीच मिळत नाही."
सुट्टीच मिळत नाही. दिवसभर तेच डोक्यात.

१४ एप्रिल
उपाय केला. खिडकीला ओलं पोतं, फरशीवर पाणी, दाराच्या फटीत चादर. जनावर नको, झळ नको. रात्री लाईट गेली, पंखा बंद. सौ.चा श्वास ऐकत पडलो. जरा थांबला की मी उठून बसे.

१७ एप्रिल
सौ.चे पाय सुजले. घाम चिकट. पोतं दोनदा भिजवलं तरी खोली गार होईना. मुलाचा नगरच्या सावेडीहून फोन, "आईला घेऊन इकडं या." सौ.नं ऐकलंच नाही. "गाय व्यायला झालीय. तिला का फ्ल्याटात नेऊ?"

१९ एप्रिल
निलोफरनं यंत्रातले आकडे दोनदा बघितले. मग हळूच, "नाना, पोतं ओलं केलं आणि दार-खिडकी बंद?"
"व्हय."
"वारा खेळला तर पोतं गार करतं. कोंडलेल्या हवेत उलट घामसुद्धा वाळत नाही. पहाटे बाहेर गारवा असतो. तुमच्या खोलीत नाही."
म्हणजे मीच सौ.ला…
नगरच्या डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, मोकळी हवा हवी. वनखातं म्हणतं, दार उघडू नका. जाळीचं दार करायला टाकलं. वेल्डर म्हणाला, "आक्ख्या गावाला जाळ्या पायजेत, नाना. नंबर लागंल तवा."

२१ एप्रिल
शेजारच्या गणपतचं कुत्रं गेलं. साखळी तेवढी राहिली. इकडं पहाटे सौ. धाप लागून उठून बसली. पाठ चोळत राहिलो. दार उघडायला कडीवर हात ठेवला. उघडली नाही.

२२ एप्रिल, दिवेलागण
सौ.नं स्वतःच खाट ओढत बाहेर काढली. मी आडवा आलो.
"सरका," म्हणाली. "उसातल्याला भ्यायचं का ह्याला, एक काय ते ठरवा." हात छातीवर.
"गाडी करतो. सावेडीला जाऊ."
"सकाळी बगू. आज मला वारं पायजे."
तिची खाट भिंतीशी लावली, माझी उसाच्या बाजूला. मधे जागा ठेवली नाही. काठी, बॅटरी उशाशी. ती आडवी झाली न झाली तोच डोळा लागला. श्वास बऱ्याच दिवसांनी सरळ चाललाय.
ऊस हलतोय. वाराच असावा.