सपना अडलीय, सगळं मोकळं करा

जव्हार,
मोठ्या दवाखान्याचा व्हरांडा

आदरणीय उमेशदादा आणि वहिनी,

देवरामचा रामराम. दादा, तुमचा गुडघा काय म्हणतो? भिवंडीचं पाणी आता तरी मानवतंय का? इकडे सगळे सुखरूप आहोत, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना वहिनी तोंडाला पदर लावणार नाहीत. तुमची बहीण बाळंत झाली. मुलगी. आवाज थेट तुमच्या घराण्यातला.

आता मुळापासून सांगतो. आमची थोरली सोमी पायाळू होती म्हणून तेव्हा सपनाचं पोट कापावं लागलं, ते तुम्ही पाहिलंच. यावेळी बाळाचं डोकं खाली, मध्ये चार पावसाळे गेलेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आपसूक होतंय का बघू, अशा पुष्कळ जणी नीट सुटतात. पण कळांच्या जोराने आतला जुना टाका उसवला तर दोघींच्या जिवावर बेततं, लगेच पोट उघडावं लागतं. म्हणून घरी अजिबात नाही, ऑपरेशनची सोय आणि रक्त हाताशी असेल तिथेच. आमच्या आईला मात्र घरीच हवं होतं. (तिची पाचही घरीच झाली. त्यातला एक मी असा निघालो, तरी तिचा विश्वास उडाला नाही.) आमच्या वांगणी गावच्या रस्त्याला ऐनवेळी जीप कोण देणार, म्हणून मी भांडून आठवडाभर आधीच सगळ्यांना जव्हारला आणलं.

कळा सुरू झाल्या त्या दुपारपासून पुढेच सरकेनात. आपल्याकडे बाई अडली की घरातलं बांधलेलं, झाकलेलं, कोंडलेलं सगळं मोकळं करतात, तुम्हाला ठाऊक आहे. आईने शेजारच्या नवशाला फोन लावला आणि ओरडली, "सपना अडलीय, सगळं मोकळं कर!" नवशा शब्दाचा पक्का. त्याने बैल सोडले, शेळ्या सोडल्या, कोंबड्या सोडल्या, नागलीच्या कणगीचं झाकण काढलं आणि पाण्याच्या पिंपाची तोटीसुद्धा उघडली. (कोंबड्यांनी नागली खाल्ली, वर पाणी प्यायल्या. बैल अजून सापडायचाय, एक.) इकडे आईने व्हरांड्यातल्या बायकांचे अंबाडे सोडले, परक्यांचे डबे उघडले, आणि सलाईनकडे वळली तेव्हा सिस्टरने तिला हाताला धरून बाहेर बसवलं. तेवढ्यात तिला माझा पट्टा दिसला.

पट्टा काढून होतो न होतो तोच डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. बाळाचे ठोके मंदावताहेत, कदाचित पोट उघडावं लागेल, सही करा. डाव्या हाताने पँट धरली आणि उजव्याने सही केली. दादा, हसा खुशाल, पण त्या घटकेला पँट सुटली असती तरी मला कळलं नसतं. आतून सपनाचा आवाजच येत नव्हता. मी फार घाबरलो होतो.

मग ठोके सावरले, आणि ऑपरेशनची तयारी चालू असतानाच पोरगी आपली आपण आली. आई म्हणते, पट्ट्यानेच काम झालं. मात्र शेजारच्या खाटेवर मोखाड्याची हौशी होती, तिचंही पहिलं मूल पोट कापूनच झालेलं. तिचा टाका दुखायला लागला, तेव्हा डॉक्टरीणबाई थांबल्या नाहीत, पोट उघडलं. बाळ-बाळंतीण खणखणीत आहेत. पण तिचाही अंबाडा आईनेच सोडला होता, त्यामुळे आईची पंचाईत झाली. अर्धा दिवस विचार करून ती म्हणाली, हौशीच्या नवऱ्याने मोटारसायकलला कुलूप लावून ठेवलं होतं ना! तो बिचारा तेव्हापासून मान खाली घालून फिरतोय.

बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार, पोरांना पापा.

तुमचा,
देवराम

ता. क. डॉक्टरीणबाईंनी आज विचारलं, दोन झाल्या, आता पुढे काय? आईने लगेच ऑपरेशनला सपनाचं नाव पुढे केलं. सपना म्हणाली, "माझं पोट एकदा कापलं, दुसऱ्यांदा कापता कापता वाचलं. आता यांची पाळी." वॉर्डातल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी हो म्हणालो, चांगलं मोठ्याने.

आणखी एक. पत्र लिहिण्याचं खरं कारण हेच. फोनवर विचारता येत नाही, आई कायम शेजारी. तुमची नसबंदी झालीय, हे वहिनींनी सपनाला कधीच सांगितलंय, तेव्हा लाजू नका. फार दुखतं का हो? खरं काय ते लिहा. नाहीतर राहू द्या, दुखत नाही असंच लिहा. मी तारीख घेऊन बसलोय.