तुम्ही मला व्याऱ्याला नेलंत

प्रिय भुआजी,

तुम्ही गेल्याला चार महिने झाले. लिहायला बसले की डोळे भरून यायचे, म्हणून टाळत होते. पण काल माहेरी जे ऐकलं, त्यानंतर तुमच्याशी बोलल्याशिवाय मला राहवेना. दादाच्या कस्तुरीला दीक्षा देऊन साध्वी करायचं घाटतंय. आठ वर्षांची आहे हो ती!

बापूजी म्हणाले, "यावखत व्याराले नही. आठेच, नंदुरबारमा." तुमचे भाऊ मोठे हुशार. ठेच लागली की शहाणे होतात, पण नको तिथे!

मी नऊ वर्षांची होते तेव्हाचा थाट आठवतो का तुम्हाला? त्या चौमाशात साध्वी महासतीजी आपल्या जैन स्थानकात उतरल्या होत्या. मला सगळे पाठ तोंडपाठ. पाहुण्यांपुढे उभी करायचे, मी न अडखळता म्हणायचे, आणि बाया कानशिलावर बोटं मोडायच्या. दीक्षार्थी म्हणून रोज एका घरी जेवण, जरीची ओढणी, मऊ गादी. "दीक्षा घेशील ना?" विचारलं की मी मान डोलवायचे. नाही म्हणता येतं, हे मला कुठे ठाऊक होतं!

आपल्या घरात मारवाडी बोलत, पण तुम्हा बहीणभावांच्या तोंडी अहिराणीच यायची. ओसरीत सगळ्यांदेखत तुम्ही विचारलंत, "पोरले कोनी इचारं का?"

"इचारं ना! हाव म्हने ती," बापूजी म्हणाले.

"नऊ वरीसनी पोर शे. तिले काय समजस?"

विधवा बहिणीनं इतकं बोललेलं कुणाला आवडलं नाही. तुम्ही गप्प झालात. आणि आठ दिवसांनी स्वतःच म्हणालात, "मंग थाटमा करा. तिनं आजोय व्याराले शे, तठेच करा." बापूजी खूश! ताईला उपरती झाली म्हणून त्यांनी मिठाई वाटली. आईनं मात्र तुमच्याशी बोलणं सोडलं; तिला तुमचाच आधार होता. नवापूर सुटलं की बडोद्याची गायकवाडी लागते, एवढं सगळ्यांना माहीत होतं. पण अठरा वर्षांखालच्या मुलाला दीक्षा देता येत नाही असा कायदा गायकवाडीत झालाय, आणि आपल्या इंग्रजी मुलखात तो नाही, हे घरात फक्त तुम्ही वाचलं होतं. तिथल्या वहिवाटदाराला, म्हणजे आपल्याकडच्या मामलेदारासारख्या अंमलदाराला, अर्जही तुम्हीच टाकलात, आपल्या वाकड्यातिकड्या गुजराती अक्षरांत. केवढी छाती तुमची!

चौमासा संपल्यावर महासतीजीही व्याऱ्याला आल्या. वरघोडा, दीक्षेची ती मिरवणूक, निघायच्या आधी ते वहिवाटदार आजोबांच्या दारात आले. कायदा सांगितला, तसा गलका झाला. "मुलगीच तयार आहे, विचारा तिला!" त्यांनी मला जवळ बोलावलं. मी लगेच सगळे पाठ म्हणून दाखवले. बापूजींची मान ताठ झाली. तेव्हा तुम्ही दाराआडून म्हणालात, "साहेब, आखो एक इचारा. घर कवय येशी?"

त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "दिवाळीला. आई करंज्या करते ना!"

आई मोठ्यानं रडली. सगळ्यांत आधी महासतीजीच उठल्या. म्हणाल्या, "हिला घरी न्या. त्याग काय ते कळायला आधी वय लागतं." भुआजी, त्या माउलीबद्दल तुमच्या तोंडून कधी वावगा शब्द निघाला नाही. धर्मावर तुमचा राग नव्हताच. रोजची सामायिक, ते दोन घटकांचं ध्यान, तुमची कधी चुकली नाही.

पण मी? मी तुम्हाला पापीण म्हटलं. माझी जरीची ओढणी गेली, रोजची शाबासकी गेली, आणि त्याचा सगळा राग तुमच्यावर काढला. दोन वर्षं तुमच्या हातचं पाणी प्यायले नाही. तुम्ही एकदाही का समजावलं नाहीत मला? एक थप्पड तरी द्यायची! बापूजींनी तुम्हाला मागच्या खोलीत टाकलं, सणावाराला पुढे येऊ दिलं नाही, तेही मुकाट्यानं सोसलंत. याचा मला अजून राग आहे.

मला अठरावं पुरं झालं त्या दिवशी तुम्ही माझी वेणी घालत होतात. हात थांबवून म्हणालात, "आते बोल. तुन्ही मरजी काय शे?" मी म्हटलं, "मला घरात राहायचंय." तुम्ही "बरं" म्हणालात आणि वेणी पुरी केलीत. आभार मानायचे मला तेव्हा सुचले नाहीत. पुढे लग्न झालं, सासर तीन गल्ल्यांवर, रोज येणंजाणं, तरी राहिलेच. आज मानते. उशीर झाला, खूप उशीर झाला.

काल बापूजींचं बोलणं ऐकलं आणि मी उभी राहिले. म्हटलं, "इथे कायदा नसेल तर व्हायला हवा. मी मुंबई सरकारला अर्ज लिहिणार आहे, स्वतःच्या नावानं. आणि उत्तर येईपर्यंत कस्तुरीला स्थानकात न्यायचं असेल तर दर्शनाला न्या. दीक्षेला न्यायचं असेल तर या उंबरठ्यावर मी बसलेली असेन."

बापूजी चिडून म्हणाले, "तू ते बिलकूल तुन्ही भुआसारखी व्हई गई!"

भुआजी, शिवी म्हणून बोलले ते. मला मात्र जन्मात कुणी इतकं मोठं काही म्हटलेलं नाही.

मुहूर्त काढणं काल तरी थांबलंय. पुढचं माझ्याकडे लागलं. सरकार ऐकेल न ऐकेल, पण कस्तुरीला अठरा पुरी होईपर्यंत मी तिच्या पाठीशी उभी राहीन, हा माझा शब्द. मग तिला कुणी लाडू देणार नाही, कुणी धाक घालणार नाही, आणि मी विचारीन. ती हो म्हणाली तर तिच्या वरघोड्यात मी सगळ्यांच्या पुढे चालेन. नाही म्हणाली तर तिला जवळ घेईन. उत्तर कुठलंही असो, ते तिचं असेल.

तुमच्यामुळे घरी परत आलेली,
चंपा