खाऱ्या विहिरीचा सोडा

मी, उकंडराव वल्द पंजाबराव म्हसाळ, वय अदमासे बासष्ट, धंदा सोडावाटर, राहणार शेगाव, तालुका खामगाव, जिल्हा बुलढाणा, प्रांत वऱ्हाड, स्वखुशीने लिहून ठेवतो की, माझे डोके ठिकाणावर आहे. दमा छातीत आहे, डोक्यात नाही. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. माझ्यावर दबाव टाकील असा माणूस या घरात जन्मला नाही. माझ्यामागे मिळकतीची व्यवस्था अशी व्हावी.

कलम १. परसातली विहीर थोरले बंधू नारायणराव यांस. हिश्श्याचे शेत विकून मी सोड्याची मशीन आणली आणि याच विहिरीच्या पाण्याने पहिल्या शंभर बाटल्या भरल्या. आमच्या पट्ट्यातले पाणी खारे. पण जन्मभर तेच प्यालेल्या जिभेला ते कळते कुठे? घरच्या सगळ्यांनी चाखून माना डोलावल्या. स्टेशनवर परगावच्या उतारूंनी पहिलाच घोट थुंकून टाकला. नारायणराव भर गर्दीत ओरडले, "काय बे उकंड्या, लोणच्याचं पाणी इकून राह्यला काय?" त्यांनी ते पाणी मरेपर्यंत प्यावे आणि हसावे.

दुसऱ्या दिवसापासून मी खामगावच्या वाटेवरच्या मळ्यातून गोडे पाणी बैलगाडीने आणू लागलो. पुढे भरताना वायूच्या दाबाने बाटली फुटून डाव्या हाताची दोन बोटे गेली, तेव्हा कळले की भरताना बाटलीवर गोणपाट टाकावे लागते. मला कोणी काही शिकवले नाही. धंदा असाच शिकतात.

कलम २. मुलगा इंद्रभान मॅट्रिक होऊन आला, म्हणाला धंदा शिकवा. मी त्याला मशीनजवळ उभे केले आणि खाटेवर जाऊन बसलो. बायको रुक्मिणीबाई मागे लागली, "अवो, पोराले सांगून तं द्या, गोनपाट टाका लागते म्हून."

"मले कोनं सांगतलं होतं?" मी म्हटले, आणि तिने तोंड उघडू नये म्हणून तिला माझ्या गळ्याची शपथ घातली. तिसऱ्या दिवशी बाटली फुटली. इंद्रभानचा उजवा डोळा गेला. वाईट वाटले का? वाटले. पण त्यानंतर त्याच्या हातून एक बाटली फुटलेली नाही.

कलम ३. कारखाना, मशीन व बैलजोडी इंद्रभानला, एका अटीवर. नातू सोळा वर्षांचा झाला की त्याला एकट्याला मशीनवर उभे करावे. कोणी अवाक्षर सांगू नये. सांगितल्यास सर्व भंगारात विकावे.

कलम ४. राहते घर रुक्मिणीबाईस, हयातभर. तिने शपथ पाळली म्हणून.

एवढे लिहून काल इंद्रभानला वाचून दाखवले. तो म्हणाला, "बाबा, मी त्याले पयल्याच दिवशी सांगीन. तुमची मशीन तुमाले लखलाभ." आज सकाळी तो बायकापोरांसह नांदुऱ्याला निघाला. रुक्मिणीबाई गाठोडे घेऊन गाडीत चढली. नातवाला जवळ घेऊन, मला ऐकू येईल अशा मोठ्या आवाजात बोलली, "बाटली भरतानी वरतून गोनपाट टाका लागते, बाप्पा."

मी ओरडलो, "माह्या गळ्याची शपथ हाय तुले! मी मरीन ना!"

ती म्हणाली, "मरा."

सबब कलम ३ व ४ रद्द. मशीन घणाने फोडावी. घर ............... यांस द्यावे. लिहिणाऱ्या भगवंतरावांनी दोनदा नाव विचारले. मी म्हटले, जागा कोरी ठेवा.

सही: उकंडराव पंजाबराव म्हसाळ
साक्षीदार: उत्तमराव खोंड, सही. सोजराबाई खोंड, निशाणी अंगठा.
दस्त लिहिणार: भगवंतराव
मुक्काम शेगाव, तारीख ११ मार्च १९३८