दगड पोहले नाहीत, मामा

अमरावती

तीर्थस्वरूप धर्मपाल मामांना आकांक्षाचा सविनय जयभीम.

तुमची शुगर आणि मामींची कंबर, दोन्ही ताब्यात असतील असे गृहीत धरते. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही मला वाक्य पूर्ण करू देत नाही आणि हे वाक्य मला पूर्ण करायचे आहे: दगड पोहले नाहीत.

बुद्धपौर्णिमेला आमच्या परसात उभे राहून तुम्ही म्हणाला होतात, "पोरी, काळी माती हाये ते. पावसाळ्यात तुये दगडं पोहतीन." बाबांना तेवढेच हवे होते. त्यांना फाटकापासून मागच्या नळापर्यंत सगळे सिमेंट करायचे होते, म्हणजे आईचा पेरू, कढीपत्ता आणि अंबाडीचा वाफा संपला. शेवटी तुमच्यासमोरच ठरले: वाट मी दगडांची करायची, आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनापर्यंत त्यातला एकही दगड हलला तर मिस्त्री येणार.  आई त्या दिवसापासून पेरूला जरा जास्त पाणी घालू लागली.

काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हात आक्रसते, हे मला तुम्ही सांगण्याआधी कॉलेजात सांगितले होते. म्हणून मी माती काढली, मुरूम भरला, धुम्मसने ठोकला, वर दगडाची चुरी पसरली आणि मग दगड बसवले. (खड्डा लांबट दिसत असावा. शेजारच्या तानुबाई कुंपणावरून म्हणाल्या, "काय वं, कोनाले गाडून राहिली?" मी "पायवाट" म्हटले. त्यांचे समाधान झालेले दिसले नाही.) चूक झाली ती अंतरात. घरातल्या तिघांचे पाऊल मोजून मी सरासरी काढली आणि त्या अंतरावर दगड मांडले. हिशेब बरोबर होता, पण सरासरी पाऊल आमच्या घरात कोणाचेच नाही. आई उड्या मारू लागली, बाबा प्रत्येक वेळी दोन दगडांच्या मधोमध उतरू लागले, आणि मला स्वतःलाही लंगडावे लागले. सगळे उपसून दगड जवळजवळ लावले. (या भागाची चर्चा मामींपर्यंत जाऊ नये, अशी अपेक्षा आहे.)

मग पावसाळा. सर आली की बाबा छत्री घेऊन बाहेर. प्रत्येक दगडावर टाच रोवायची, अंग डोलवायचे, माझ्याकडे पाहायचे. एकदा डोलता डोलता स्वतःच वाफ्यात गेले आणि एक चप्पल चिखलात ठेवून आले. "दगड हालला ना!" म्हणाले. मी दगडावर लेव्हल ठेवून दाखवली. बुडबुडा मधोमध होता, बाबा नव्हते.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आदल्या रात्रीच्या पावसाने परसात नुसता गारा-चिखल झाला होता. बाबा नवे पांढरे शर्ट-पायजमा घालून निघाले, नळापर्यंत गेले, परत आले. पायजम्यावर एक ठिपका नव्हता. त्यांनी पुढून पाहिले, वाकून मागून पाहिले, आणि मग म्हणाले, "बरं हाये." आमच्या घरात यापेक्षा मोठी शाबासकी नाही, हे तुम्ही जाणता. आई आत गेली आणि तिने खीर केली.

तेव्हा तुम्ही आपले विधान मागे घ्यावे. लेखी नसले तरी चालेल.

आपली भाची,
आकांक्षा

ता.क. वाट सध्या बंद आहे. नवा मूग आल्यापासून आईने तिच्यावर साडी अंथरून मुंगवड्या घातल्या आहेत. मी विचारले तर म्हणाली, "काहून? दगड काय चालालेच असते का? खालून तापते, वरून तापते, कशी खडखडीत वाळून राहिली पाह्य." आम्ही वाफ्यातून जातो. बाबांनी काल पुन्हा मिस्त्रीला फोन केला. तुमच्या अंगणातल्या काढलेल्या शहाबादी फरश्या तशाच पडून असतील तर लगेच टेम्पोने पाठवाव्यात. शेजारून दुसरी वाट टाकते, चालण्यासाठी.

ता.क. दुसरे. आईने वरचे वाचले. म्हणते, "मामाले लिव्ह, सपाट पाहून पाठोव म्हना. कोहळ्याच्या वड्या बी घालाच्या हायेत."