वरच्या मजल्याचे दार पुन्हा कोणी ठोकू नये म्हणून

प्रथम नोंद घ्यावी की, ज्या पेनाने मी हे लिहीत आहे ते वकिलांच्या टेबलाला वीतभर सुतळीने बांधलेले आहे. जगाचा निरोप घ्यायला आलेला माणूस जाताना पेन खिशात घालून नेईल, अशी या कचेरीला धास्ती आहे. त्यामुळे मी ओणवा होऊन लिहीत आहे. मजकुरात वाकडेपणा आढळल्यास तो सुतळीचा समजावा.

मी, वय वर्षे त्रेपन्न, अविवाहित, धंदा साप्ताहिकात तिरकस सदर लिहिणे, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाखाली नाही. हे वाक्य वकिलांनी सांगितले. शुद्धीचा भाग खरा आहे. दडपण मात्र माझ्यावर जन्माच्या आधीपासून आहे. ते कलम दोनमध्ये येईल.

कलम १. राहते दुमजली घर. खाली मी राहतो. वर धाकटी बहीण व तिची मुलगी, म्हणजे माझी भाची. भाचीला सातवा महिना आहे. जावई जहाजावर असतो. घर आईने माझ्या नावावर केले, ते बहिणीला अंतर देणार नाही या माझ्या तोंडी शब्दावर. माझ्यामागे संपूर्ण घर भाचीचे. पण मृत्युपत्र माणूस मरेपर्यंत कुचकामी असते, म्हणून वरचा मजला रिकामा करून मिळावा हा माझा दावा मी आज सकाळीच मागे घेतला. दाव्यात कारण 'स्वतःच्या वापरासाठी' असे लिहिले होते. खरे कारण, बाळ रडेल. मला आवाज सोसत नाही.

कलम २. पांढरा सदरा एक, न वापरलेला. मी पोटात असताना वडील क्षयाच्या दवाखान्यात होते. थोरले काका घर बळकावायला टपलेले. दर मंगळवारी येऊन ते काठीने दार ठोकत आणि ओरडत, "घर खाली करा!" आई आतून कडी लावून शिंप्याच्या सदऱ्यांची काजे करत बसे. या सदऱ्याची वरची चार काजे नीट आहेत, खालची दोन वाकडीतिकडी. शिंप्याने तो परत फेकला. "बाई, हे काज आहे की उंदराचं बीळ?"

मी मोठा झाल्यावर आईने तो मला दाखवला. म्हणाली, "हे मंगळवारचं. दार वाजलं की तू पोटात गोळा होऊन बसायचास. तासभर हलायचा नाहीस."

मी आठव्या महिन्यातच आलो, मांजराच्या पिल्लाएवढा. बहीण पाच वर्षांनी झाली. तोवर वडील बरे होऊन घरी आले होते आणि काका दावा हरून गप्प बसले होते. तिच्या उशाशी परात पडली तरी ती कूस बदलत नाही. मी चमचा पडला तरी दचकतो. तिसाव्या वर्षी रक्तदाब जडला.

डॉक्टरांनी, जे साक्षीदार क्रमांक एक आहेत, हे असे समजावले: "आई सतत भेदरलेली असली की तिच्या रक्तात ताणाचं संप्रेरक चढं राहतं. त्यातलं थोडं वारेतून, नाळेवाटे बाळापर्यंत पोचतं. बाळाचं शरीर समजतं, बाहेर धोका आहे, तयारीत राहा. काहींची ती तयारी पुढे जन्मभर उतरत नाही."

"म्हणजे दोष काकांचा?"

"थोडा असेल. प्रत्येकाचं असंच होतं असं नाही. आणि दिवसाला वीस सिगारेटी काही काकांनी ओढल्या नाहीत."

सदरा डॉक्टरांना द्यावा. त्यांनी तो दवाखान्यात टांगावा. गरोदर बायका बसतात तिथे नव्हे, त्यांच्या घरचे बसतात तिथे.

कलम ३. काकांची काठी, चांदीच्या मुठीची. त्यांच्यामागे ती माझ्याकडे आली. गेल्या महिन्यात वर कोणीतरी खुर्ची सरकवली. मी काठी घेऊन वर गेलो, दार ठोकले आणि ओरडलो, "महिनाअखेर घर खाली करा!" मंगळवार नव्हता, एवढीच काय ती आमच्या घराण्याची प्रगती.

दार चार बोटे उघडले. भाचीचा एक हात कडीवर, एक पोटाखाली.

"मामा, हळू बोला ना. बाळ गोळा होऊन बसलंय."

सदऱ्याची गोष्ट तिला कोणीच सांगितलेली नाही.

पुढे दोन दिवस बाळ फारसे हलले नाही. दवाखान्यात ठोके सापडले. मी डॉक्टरांना विचारले, आता पुढे? ते म्हणाले, "आज काही सांगता येत नाही. पन्नास वर्षांनी त्यालाच विचारा."

काठीचे तीन तुकडे करून वरच्या खिडक्यांना टेकू लावावेत. चुलतभावाने हक्क सांगितल्यास त्याला मूठ द्यावी. ठोकता येईल असे काही देऊ नये.

कलम ४. पुस्तके बहिणीला. ती वाचणार नाही. तिला झोप येते, आणि त्याबद्दल मी तिचा जन्मभर जो राग केला तो या कलमाने रद्द.

स्थळ: वकिलांची कचेरी, सुतळीच्या टप्प्यात.
तारीख: शिक्क्यावर आहे ती.
(सही) भाचीचा मामा
साक्षीदार: १. (सही) डॉक्टर २. (सही) कचेरीतील टंकलेखिका

ता. क. सह्यांच्या खाली लिहिलेले धरत नाहीत, असे वकील म्हणतात. न धरोत. गेल्या आठवड्यात माझ्या छातीत कळ आली, तेव्हापासून भाची रोज जेवणाचा डबा माझ्या दाराबाहेर ठेवून जाते. तिने एकदाही बेल वाजवली नाही. कालचा डबा माझ्याकडेच राहिला आहे. तो घासून, पुसून ठेवला आहे. आज घरी गेलो की अनवाणी वर जाईन आणि तिच्या उंबऱ्यापाशी ठेवून येईन. दार वाजवणार नाही.